जित्या बहिणीचं रडणं

५ फेब्रुवारी १९८४, रविवार

हळू बोला, म्हणे! साठी उलटली, आजवर मला असं कोणी सांगितलं नव्हतं. बुधवारी नावाच्या बाजारात रोज मिरची विकायला बसली की सारे म्हणत, अंजनाबाई, जरा जोरानं, पलीकडच्या गल्लीत गेलं पाहिजे. आणि आता हे मनोहरराव! "आजी, रोज संध्याकाळी सुनेपुढे बसायचं अन् दिवसभराचं सांगायचं. तिनं वहीत लिहायचं. तिचा हात मागे पडला की समजा, तुम्ही बोलताना पळून राहिल्या. हाच तुमचा रियाज."

तर हा रियाज. मी सांगून राहिली, गोपिका लिहून राहिली. सून माझी सातवी पास आहे. मी 'मले' म्हटलं की ती 'मला' लिहिते. लिहू दे. कागदावर तरी शिकलेली दिसेन. दुसऱ्याचं बोलणं मात्र जसंच्या तसं लिही म्हटलं. त्यांची लाज झाकायचा ठेका आपण घेतलेला नाही!

ही वही कोणी वाचायची नाही. मला वाचता येत नाही, गोपिकेला वेळ नाही, आणि वामन हिंगण्याच्या कंपनीतून पाळी करून आला की ताटावरच पेंगतो. म्हणजे माझं गुपित तिघांपासूनही सुरक्षित.

८ फेब्रुवारी

मनोहरराव कोण, हे लिहायचं राहिलंच. बाजारात माझ्यापुढे उभे राहून नुसतं ऐकत होते. मिरची घेत नाहीत, भाव विचारत नाहीत. मला वाटलं नगरपालिकेचा माणूस. म्हटलं, "साहेब, उभं राहाचे पैसे नाही घेत मी, बसा." तर हसले. म्हणाले, असाच आवाज शोधतोय— म्हातारा, खेड्यातला, खणखणीत.

धंतोलीत दोन खोल्या आहेत त्यांच्या. एकीच्या भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे चिकटवलेले! मी विचारलं, "अन् अंडी कोणी खाल्ली?" आवाज घुमू नये म्हणून लावतात म्हणे. रिक्षावर भोंगा लावून जाहिराती फिरतात ना, त्या इथं होतात. सरकारी जीप गावोगाव पडदा लावून फिल्म दाखवते, त्यातली बोलणीही इथंच.

आधीच सांगून टाकलं, मला अक्षर येत नाही. म्हणाले, "अक्षर कशाले पाहिजे? मी म्हणीन, तुम्ही ऐकून म्हणा."

नवं लुगडं नेसून गेली होती मानानं. खुर्चीवर हलली की खळ वाजते, म्हणून पुन्हा जुनं नेसून यायला लावलं. तंबाखू थुंकायला लावली. तोंड माइकपासून वीतभर दूर. श्वास नाकातून. वाक्याच्या शेवटी आवाज खाली टाकायचा नाही— मी टाकते म्हणे. आयुष्यभर टाकतच आली, तेव्हा कोणाला खटकलं नाही.

मग टेपवर ऐकवलं. कोणी तरी म्हातारी बोकड वरडावं तशी बोलत होती. विचारलं, ही कोण? मनोहरराव म्हणाले, "तुम्हीच की." इतकी लाज वाटली की पदर तोंडावर घेतला. इतकी वर्षं लोक मिरची घेत होते, ते मला गप्प करायलाच घेत असतील.

११ फेब्रुवारी

आज ती रिक्षा आमच्या गल्लीतून गेली. मी दार लावून घेतलं.

१२ फेब्रुवारी, रविवार

काल सांगवलं नाही. आज सांगते.

मनोहररावांनी माझ्याकडून काय म्हणवून घेतलं होतं? "पोरींनो, उखळात मिरची कुटून हाताची आग कायले करून घेता? पुडीचं तिखट घ्या!" म्हणताना मजा वाटली. पोरींनो म्हणायचं होतं, लाडानं म्हणायचं होतं, मी आपली लाडानं म्हणाली. आणि पोट माझं कशावर? अख्ख्या मिरचीवर! तीच मिरची बाया घरी नेऊन कुटतात तेव्हा आमच्या घरी चूल पेटते.

आज बाजारात वच्छला— माझ्या शेजारी लसूण घेऊन बसते ती— गिऱ्हाइकाला सांगत होती, "इची मिरची नको घेऊ वं बाई. हेच म्हणून राहिली रिक्षातून, कुटू नका म्हणून!" सारी ओळ हसली. मीही हसली. दुसरं काय करणार?

घरी येऊन गोपिकेला म्हटलं, कानात सांगितलेलं तोंडानं म्हणायचं तर आधी त्याचा अर्थ तरी पाहावा माणसानं. ती म्हणाली, "आत्याबाई, तुम्ही कोणाचं पूर्ण ऐकूनच कुठी घेता?" सून बोलायला लागली आहे. वहीमुळे धीट झाली.

१६ फेब्रुवारी

पुडीच्या तिखटातून सुटली, ती भलत्यातच अडकली.

मनोहररावांनी आज भिंतीवर फिल्म दाखवली. आवाज नाही, नुसतं चित्र. झोपडीच्या दारात एक म्हातारी बसली आहे. मांडीवर कापडात गुंडाळलेलं लहान लेकरू. हगवणीनं गेलेलं. तोंडावर पदर घेऊन म्हातारी रडते आहे, आगं-मागं डुलते आहे. मग डॉक्टर येतो आणि मीठ-साखरेचं पाणी कसं पाजायचं ते सांगतो. वेळेवर पाजलं असतं तर लेकरू वाचलं असतं. ही फिल्म खेड्यापाड्यात दाखवायची. पण शूटिंगच्या दिवशी वारा सुटला होता, टेपवर नुसता भोंऽ भोंऽ. म्हातारीचं रडणं त्यात उडून गेलं.

"आजी, ते रडणं तुम्ही द्यायचं. पदर तोंडावर आहे म्हणून ओठ जुळवायची भानगड नाही. फक्त तिची पाठ हलते तेव्हा तुमचा हुंदका आला पाहिजे."

मी म्हटलं, "दुसऱ्याचं रडणं मी कशी देऊ बापा?"

"लोकांच्या उपयोगाचं आहे, आजी. एक लेकरू वाचलं तरी भरून पावलं."

मग बसली. रडली. ते ऐकत राहिले, मग डोकं खाजवून म्हणाले, "आजी, रागावू नका— तुम्ही लेकरू विकून राहिल्या."

काय खोटं बोलले? तोच बाजारातला सूर. वाटलं, जमीन फाटावी.

१७ फेब्रुवारी

मनोहररावांनी छोटा टेपरेकॉर्डर घरी दिला. लाल बटण दाबलं की सुरू. त्या म्हातारीची फिल्म डोळ्यांपुढे आणायची, घरीच रडायचं, जमलं की कॅसेट आणून दाखवायची.

भिंती पत्र्याच्या, म्हणून वाकळ अंगावर घेऊन तिच्या आत बसायचं ठरलं. वामन म्हणाला, "आई, या उकाड्यात वाकळ? खरंच रडू येईन तुले."

१९ फेब्रुवारी, रविवार

रडू येत नाही. हे लोकांना कसं सांगावं? हसतील.

आमच्याकडे रडणं म्हणजे नुसतं पाणी गाळणं नाही. धम्म घेतला, वंदना होते, सारं शांत होतं— पण मयताच्या घरी बाया रडायच्या त्या रडतातच. नाव घ्यायचं, गुण सांगायचे, त्या माणसाचं सारं आयुष्य सुरात मांडायचं. मांडता मांडता रडू आपोआप येतं. नाव नसलं तर काहीच नाही. आणि मला कोणाचं नाव घ्यावं ते कळेना. लेकराचं घ्यावं तर माझ्या घरातलं लेकरू कधी गेलं नाही. चांगलंच आहे ते! पण आवाज लागत नाही.

धोंडबाचं— म्हणजे माझ्या नवऱ्याचं— घेऊन पाहिलं. त्याचं रडून झालं आहे नऊ वर्षांपूर्वी. आता नाव घेतलं की त्याचं घोरणं आठवतं, अन् मलाच वाकळीत हसू येतं.

आणि मग एक नाव तोंडात आलं, ते मी गिळलं.

प्रयागबाई. माझ्या पाठची बहीण. भिवापूरला दिली आहे. माझी मिरची आधी तिच्याच वावरातून यायची.

धोंडबा गेला तेव्हा भिवापूरला माणूस पाठवला. साऱ्या बहिणी-भावजया आल्या. प्रयाग आली नाही. पाठवलेला माणूस परत आला, म्हणाला, "ती येत नाही, तिच्या घरी—" मी म्हटलं, बस! पुढचं ऐकायचं नाही मला. येणाऱ्याला पाय असतात अन् न येणाऱ्याला कारणं असतात. त्या दिवसापासून घरात तिचं नाव काढायचं नाही. वामन एकदा म्हणाला, "आई, मावशीकडं—" मी ताट सरकवलं. पुन्हा कोणी बोललं नाही.

गोपिका लिहिता लिहिता थांबली आहे. विचारलं तर म्हणते, पेन चालत नाही.

२१ फेब्रुवारी, मंगळवार

काय करून बसली मी! गोपिके, लिही. जशीच्या तशी लिही. लाज वाटली तर वर पाहू नको.

दुपारी घरी कोणी नव्हतं. गोपिका नळावर गेली होती, वामन कंपनीत. वाकळ घेतली, लाल बटण दाबलं, आणि त्या नावाला हात घातला. म्हटलं, वाकळीत कोण ऐकते?

"माझ्या प्रयागे वंऽऽ… एका ताटात जेवलो वं आपण दोघी… मिरच्या तोडून तुझे हात भाजत, मी ताक लावून देई वं… मी तापानं निजली, त माझ्या वामनाले तूनं अंगावर पाजलं वं…"

आणि आलं! असं आलं, असं आलं की थांबेचना. हुंदका पोटातून. मनोहररावांची म्हातारी, तिची पाठ, सारं विसरली. प्रयागचं लग्न झालं, प्रयाग गाडीत बसली, प्रयागनं पहिली मिरची डोक्यावर घेऊन आणली— सारं सुरात मांडलं. वाकळ घामानं अन् डोळ्यांतल्या पाण्यानं ओली.

वाकळ डोक्यावरून काढली तर पुढे यमुताई. भिंतीला भिंत लागून राहते ती. तिच्यामागे बाया, बायांमागे माणसं. अंगणभर. वाकळीनं बाहेरचा आवाज आत आला नाही, पण माझा मात्र सारा बाहेर गेला होता!

यमुताईनं मला गच्च धरलं. "कवा गेली वं प्रयागबाई? काय झालं तिले?"

इथंच सांगायचं होतं. तोंड उघडून म्हणायचं होतं की बाई, कोणी मेलं नाही, मी धंदा करून राहिली. पण साऱ्यांचे डोळे ओले. चार घरं टाकून राहणारी सुभद्रा तर माझ्याहून जास्त रडत होती. कसं सांगू? ते म्हणाले, हिला बोलवत नाही, पाहा.

मयताच्या घरी चूल पेटत नाही म्हणून यमुताईनं पिठलं-भाकर करून आणली. स्वतःच्या हातानं घास दिला. "दोन घास खाय वं, नाही म्हणू नको."

आणि मी खाल्ला.

भूकही लागली होती, हेही लिही. रडून भूक लागते.

गोपिका नळावरून आली अन् माझ्याकडे पाहत राहिली. मी डोळ्यांनी खुणावलं, गप्प राहा. गप्प राहिली. सारे गेल्यावर तिला सांगितलं. ती हसेल असं वाटलं. हसली नाही. म्हणाली, "आत्याबाई, लहानूभाऊ बसमध्ये बसले. भिवापूरले गेले मातीले."

लहानू म्हणजे यमुताईचा दीर. मोठा कामसू माणूस. एरवी बोलावलं तरी येत नाही.

२२ फेब्रुवारी

सकाळीच यमुताईच्या घरी जाऊन सारं सांगितलं. टेपरेकॉर्डर पदराखाली घेऊन गेली होती, पुरावा म्हणून. वाटलं, शिव्या देईल.

शिव्या नाही दिल्या. भांडं घासत होती, ते घासतच राहिली. मग म्हणाली, "माझ्या हातचा घास घेतला तूनं, अंजनाबाई."

एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शिव्यांना मी उत्तर देऊ शकते.

२३ फेब्रुवारी, गुरुवार

दारात प्रयाग.

जिती. धडधाकट. केस पार पांढरे झाले. मी ओळखलं ते तिच्या उभं राहण्यावरून, एक हात कमरेवर. मागे लहानू, मान खाली घालून, जशी काही त्यानंच चोरी केली.

"मले पाहाले आली," ती म्हणाली. "कुठी ठेवलं माझं मयत? मी म्हटलं आपणही मातीले जावं, साऱ्यायले जमलं तर आपल्याले काहून नाही?"

गल्ली लोटली पाहायला. मी म्हटलं, "आत ये."

"आत यीन. पण आधी सांग, कायनं मेली मी? लहानू म्हणते कोणाले माहीतच नाही. म्या म्हटलं, बापा, मलेच नाही माहीत, तुले कुठून माहीत रायणार?"

बाया पदरात हसत होत्या. मी मान वर केली नाही. नऊ वर्षं ठरवत होती, ही दारात आली तर काय काय सुनावायचं. सगळं तयार होतं. आणि वेळ आली तर मीच चोर!

"टेपवर रडत होती," मी म्हटलं. "कामाचं होतं. नाव पाहिजे होतं. तुझंच आलं तोंडात."

"जितीचं?"

"हाव."

"बह्याड," ती म्हणाली, अन् चप्पल काढून आत आली.

२४ फेब्रुवारी

काल पुढं सांगायचं राहिलं. प्रयाग अजून इथंच आहे. पाहुणी आहे की पोलीस, कळत नाही.

पाणी पिऊन झाल्यावर म्हणाली, "लाव."

"काय?"

"माझं रडणं. मेल्यावर काही मले ऐकू येणार नाही. आत्ताच ऐकून घेतो."

गोपिकेनं कॅसेट लावली. मी भिंतीकडे तोंड करून बसली. आपणच आपल्या जित्या बहिणीला गाडलेलं, अन् ती पालथी मांडी घालून शेंगा खात ऐकते आहे! ताकाचं आलं तेव्हा म्हणाली, "ताक माय लावे. तू नुसती वाटी धरे." वामनला पाजल्याचं आलं तेव्हा शेंग हातातच राहिली.

कॅसेट संपली. नुसती खरखर.

"पुढं?" प्रयाग म्हणाली.

"पुढं काय? संपलं."

"इथंच? वामनाच्या लग्नापावतर? मंग नऊ वर्षं मी काय करत होती वं? इथंच मेली काय मी?"

"मले काय माहीत?" मी म्हटलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं. "तुले नाही माहीत?"

"कोण सांगणार? तुझं नाव नाही निघत या घरात."

"हाव," ती म्हणाली. "बरं." शेंगांची टरफलं पदरात गोळा करून बाहेर टाकून आली. परत आली तेव्हा चेहरा जाग्यावर होता.

मी मनात म्हटलं, चला, हिला लागलं. नऊ वर्षांनी का होईना, लागलं. गोपिके, हे पण लिही— मला बरं वाटलं.

२५ फेब्रुवारी

कॅसेट अन् टेपरेकॉर्डर परत पाठवून मनोहररावांना निरोप दिला की मला हे काम नको. उलटा निरोप आला— फिल्म जायची घाई आहे, उद्या या. कॅसेट त्यांनी ऐकली. असं रडणं मी आजवर ऐकलं नाही म्हणाले.

प्रयाग म्हणे, "जाय ना. मी बी येतो. माझ्या नावानं रडशीन त मी समोर बसीन. पाहू कशी रडते ते."

संध्याकाळी स्वयंपाकघरात गोपिका अन् ती हळू हळू बोलत होत्या. मी गेली तर गप्प. म्हटलं, "काय चाललं?" प्रयाग म्हणाली, "मिठाचं." भाकरी खाताना आपणच म्हणाली, "ये-जा दोन्हीकडून राहून गेली वं, बाई." लहानपणापासून मला बाईच म्हणते ती. वाटलं, अशी माफी मागते. मोठी बहीण आहे मी, फार ताणलं नाही. म्हटलं, "जाऊ दे. झालं गेलं." तिनं भाकरीचा तुकडा तसाच ठेवला.

२६ फेब्रुवारी, रविवार

धंतोलीला गेलो. प्रयागला अंड्यांच्या पुठ्ठ्यांचं नवल नाही, कशाचंच नवल नाही. काचेपलीकडे बाकावर बसली. मनोहररावांनी अंधार केला, भिंतीवर म्हातारी आली, लाल दिवा लागला.

मी तोंड उघडलं. "माझ्या—"

काचेपलीकडे प्रयाग! जिती, पाठ ताठ. हिचं नाव घेऊन कशी रडू? मघाशी रिक्षात माझ्याच पानातली तंबाखू मागून घेतली तिनं! पहिल्यांदा आवाज फुटला नाही. दुसऱ्यांदा हसू आलं. तिसऱ्यांदा मनोहररावांच्या चेहऱ्याकडे पाहून इतकं हसू आलं की माइकवर शिंक आल्यासारखं झालं. तिकडे भिंतीवर ती बिचारी डुलते आहे, मांडीवर लेकरू, अन् इकडे मी हसते आहे. काय म्हणावं माझ्या जिभेला!

मनोहरराव रागावले नाहीत. दमले. "आजी, घरी ते कसं जमलं होतं?"

मी काय सांगू? घरी बहीण नव्हती म्हणून जमलं. आता आहे.

प्रयाग सारा वेळ भिंतीकडे पाहत होती. दिवे लागले तरी त्याच रिकाम्या भिंतीकडे. मनोहररावांना म्हणाली, "हे कोणाचं पोट्टं हाय जी?"

"साकोलीकडच्या एका गावचं. त्या म्हातारीची नात, खरीच गेलेली."

"नाव काय होतं तिचं?"

"ते काही विचारलं नाही कोणी."

"विचारा लागत होतं," ती म्हणाली.

परत येताना रिक्षात म्हणाली, "उद्या मी बसू काय तुझ्या जागी?"

मला हसू आवरेना. "तू? तुले रडणं कुठं येते? मायच्या मातीत तू धोंड्यासारखी बसली होतीस. बाया म्हणत होत्या, हिचे डोळे लाकडाचे हायेत काय!"

"हाव," ती म्हणाली. "होते."

२७ फेब्रुवारी

प्रयाग माइकपुढे बसली. मी काचेच्या अलीकडे, कानांना आवाजाचे डबे लावून.

म्हातारीची पाठ हलली तसा तिचा सूर आला. "माझ्या कुंदे वंऽऽ…"

कुंदा. हे नाव मी कधी ऐकलं नव्हतं.

"तिकडं भाऊजी गेले अन् इकडं तू, एका दिवशी मी कोणाच्या मातीले जाऊ वं… माझ्या लेकाची पहिली पोट्टी, पंधरा दिसाची वं तू… माझी बाई यीन, माझी बाई यीन, म्हणून दिवस कलेपावतर तुले झाकून ठेवलं वं…"

पहिल्याच वेळेला झालं. मनोहररावांना दुसऱ्यांदा घ्यावं लागलं नाही.

गोपिकेला माहीत होतं. वामनला माहीत होतं.

लाल दिवा विझला. प्रयाग उठली, पदरानं तोंड पुसलं, काचेकडे वळली. डब्यांतून आता काही ऐकू येत नव्हतं, तरी मी ते कानांवरून काढले नाहीत.